पहिला बास: आधी नेक, मग डीआय, ॲम्प सगळ्यात शेवटी

बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. नवशिक्याची खरेदी फसते ती या एका आकड्याकडे लक्ष न दिल्यामुळे. इतका खालचा सूर काढायला तारा लांब आणि जाड लागतात. नेहमीच्या चार तारांची मिळून ओढ ७५ ते ८५ किलोंच्या घरात जाते, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या लाकडी नेकला, बासच्या लांब मानेला, रात्रंदिवस लोंबकळत असतो. शिवाय तोच सूर हवेत सोडायचा तर मोठा स्पीकर आणि भरपूर वॅट हवेत, आणि ते पहिल्याच वर्षी खिशाला झेपत नाही.

म्हणून पैसा आधी सरळ नेकच्या वाद्यात आणि त्याच्या सेटअपमध्ये (तारा, नेक आणि सूर जुळवून घेण्यात) घाला, मग एका बऱ्या डीआय बॉक्समध्ये (बासचा सिग्नल मिक्सरपर्यंत नेणारी डबी), आणि उरला तर ॲम्पमध्ये. बहुतेक जण नेमके उलटे करतात. रंग बघून बास घेतात, दणका ऐकून ॲम्प घेतात, आणि डीआय हा शब्द कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतात.

कोणता बास घ्यावा

लिओ फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला, जॅझ बास १९६० मध्ये. आज दुकानात टांगलेले बहुतेक बास या दोघांचीच नातवंडे आहेत. प्रिसिजनला मधोमध एकच पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) असतो, दोन तुकड्यांत कापलेला. ही रचना १९५७ पासूनची. तिच्यामुळे विजेची भुणभुण आपोआप मरते. जॅझला दोन अखंड पिकअप असतात. दोघांचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की भुणभुण सहसा जाते, एक जरा कमी केला की ती परत येते. दुकानात ही भुणभुण ऐकून वाद्य बिघडलेले आहे असे समजू नका. जॅझचा नेक नटपाशी (नेकच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती खाचांची पट्टी) ३८ मिलिमीटरच्या आसपास, प्रिसिजनचा ४१ ते ४४. बोटे आखूड असतील तर जॅझ सोपा जातो.

नव्यात स्क्वायर ॲफिनिटी, यामाहा टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझ जीएसआर २०० ही नावे पहिल्या खरेदीसाठी पुरेशी आहेत. यामाहाच्या या मॉडेलात प्रिसिजन आणि जॅझ असे दोन्ही धाटणीचे पिकअप आहेत आणि बॅटरी लागत नाही. जीएसआर २०० मध्ये खर्ज उचलणारे छोटे सर्किट असल्याने ९ व्होल्टची बॅटरी घालावी लागते.

नेहमीची लांबी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) वाजणारी तार, ३४ इंच असते. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी ३० इंची घ्या. तारांची ओढ कमी, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळ जवळ. जाड तार मात्र थोडी सैलसर वाजते, ते गृहीत धरा.

चार तारा की पाच, याचे उत्तर तुम्ही कोणाबरोबर वाजवणार त्यावर आहे. रॉक बँडला चार पुरतात. ऑर्केस्ट्रात, भावगीतांच्या कार्यक्रमात, भजनात गायक पट्टी सांगतो: काळी एक, काळी दोन. पांढरी एक म्हणजे सी धरला तर बासची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोनचा षड्ज तिच्याही अर्धा स्वर खाली पडतो, आणि पुरुष गायकांची ती आवडती पट्टी. मग तो षड्ज शेजारच्या ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, एक सप्तक वर वाजवावा लागतो आणि गाण्याचे बूड गेल्यासारखे वाटते. अशा मंडळींबरोबर वाजवणार असाल तर पाच तारांचा घ्या, त्यात ई च्या खाली आणखी एक बी तार असते. घेताना बी तार नीट तपासा: पाचव्या फ्रेटवरचा तिचा ई आणि शेजारची मोकळी ई तार एकापाठोपाठ वाजवा. बी नुसतीच फडफडत असेल, सूर असा लागतच नसेल, तर ती पाचवी तार नुसती शोभेची आहे. चार तारांवर निभवायचे असेल तर ई तार एक पूर्ण स्वर उतरवून डी करता येते. काळी दोन भागते, काळी एक नाही.

जुना बास बघायला जाताना

पिशवीत एवढे घ्या: स्वतःची केबल, क्लिपवाला ट्यूनर, नवी ९ व्होल्टची बॅटरी, सहा इंची स्टीलची पट्टी, बारीक टॉर्च, ॲलन कीचा संच आणि फीलर गेज. फीलर गेज संगीताच्या दुकानात शोधू नका. मोटारसायकलच्या टॅपेटची फट मोजायला मेकॅनिक जी पत्र्यांची चळत वापरतो तीच ती. ऑटो स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळते.

ॲम्पला जोडायच्या आधी बास हातात धरून ब्रिजच्या बाजूने नेककडे एक डोळा मिटून बघा, सुतार फळी बघतो तसे. नेकच्या दोन्ही कडा एकाच रेषेत धावतात का? पुढे-मागे थोडा बाक असेल तर हरकत नाही, तो ट्रस रॉडने (नेकच्या आतली, ताण बदलता येणारी धातूची सळई) निघतो. एक कड वर आणि दुसरी खाली, म्हणजे नेकला पीळ पडलेला असेल, तर वाद्य खाली ठेवा आणि चहा पिऊन परत या. पीळ ट्रस रॉडने निघत नाही. किंमत कितीही उतरवली तरी तो सौदा नाही.

मग बाक मोजा. बास सुरात लावा. जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने नेक जिथे बॉडीला जुळतो तिथल्या फ्रेटवर दाबा. आता तार हीच तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेखाली ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट असावी. ही फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण छेडलेली तार मध्यावर सर्वांत जास्त झुलते आणि तिला जागा लागते. फट शून्य असेल तर पहिले चार-पाच फ्रेट खरखरतात. ०.६ च्या वर असेल तर मध्ये तार दाबायला जड जाते.

बाक असला तरी ट्रस रॉड चालतो का, हे महत्त्वाचे. मालकाला विचारून पाव फेरा फिरवून बघा, त्याहून जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवले की रॉड ताणला जातो आणि नेक सरळ होत जातो. रॉडचा नट नुसताच गरगर फिरत असेल, अजिबात हलत नसेल, किंवा आतली षटकोनी खाच गोल झाली असेल, तर हा नेक दुरुस्त करणे अवघड आणि खर्चिक आहे असे समजा. मालक हात लावू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

आता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. वीस फ्रेट, चार तारा, ऐंशी सूर. पाच मिनिटांचे काम. एकाच ठिकाणी खरखर असेल तर पुढचा एखादा फ्रेट वर उचलला गेला आहे, तो ठोकून किंवा घासून बसवता येतो. अगदी वरच्या, म्हणजे बॉडीकडच्या फ्रेटवर सगळीकडे खरखर असेल तर नेकचे टोक उचकले असण्याचा संभव आहे, आणि ते काम खर्चिक. सर्वांत बारीक, म्हणजे जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लवकर विझला तर घाबरू नका. लाकूड त्या कंपनाला स्वतः गिळते, चांगल्या चांगल्या बासलाही हे होते. हेडस्टॉकवर (तारांच्या खुंट्या असतात ते नेकचे टोक) वजनदार क्लिप लावली की ती जागा थोडी सरकते.

फ्रेटच्या कडांवरून तळहात फिरवा. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेला बास एप्रिलमध्ये नागपूरला नेला की फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसतो, फ्रेटचा धातू मात्र आकसत नाही, आणि कडा हाताला टोचू लागतात. कानशीने घासून हे बरे होते, पण भावात धरा. किनाऱ्यावरच्या वाद्यात त्रास वेगळा. खाऱ्या हवेने ब्रिजच्या सॅडलचे (प्रत्येक तार टेकते तो तुकडा) बारीक स्क्रू गंजून जाम होतात. प्रत्येक स्क्रू ॲलन कीने जरासा हलतो का बघा. तो हलला नाही तर तारेची उंची लावता येणार नाही.

शेवटी वीज. केबल घालून जॅक हलवा, कडकड झाली तर नट सैल किंवा सोल्डर तुटलेला, किरकोळ काम. नॉब फिरवताना खरखर आली तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा, दोन्हींचा आवाज आला पाहिजे. तारांना हात लावला की भुणभुण कमी होते, हे ठीक आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल तर आतली अर्थची वायर तुटलेली किंवा चुकीची जोडलेली असू शकते, किंवा घराच्या वायरिंगलाच अर्थ नसेल. दुसऱ्या सॉकेटवर बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. बॅटरीवाला बास असेल तर स्वतःची नवी बॅटरी घालून ऐका आणि कप्प्यात हिरवट-पांढरा थर नाही ना ते पाहा.

हेडस्टॉकवरचे मोठे नाव हा पुरावा नव्हे. स्टिकर आणि नंबर दोन्ही छापून मिळतात. नेक, ब्रिज आणि आतले काम नावाला शोभत नसेल तर वाद्याला बिननावाच्या वाद्याचा भाव द्या.

सेटअप

नवा असो वा जुना, घेतल्याबरोबर सेटअप करून घ्या, किंवा स्वतः शिका. क्रम मोडू नका: नव्या तारा (चारसाठी ४५ ते १०५ चा संच, पाचसाठी शेवटची १३०), सुरात लावणे, नेकचा बाक, तारेची उंची, आणि मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागणे. प्रत्येक पायरी पुढचीला हलवते, मागून पुढे गेलात तर सगळे दोनदा करावे लागते. उंची बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: ई तार २.५ मिलिमीटर, जी तार २. जोरात वाजवणाऱ्याने थोडी जास्त ठेवावी.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. सॅडल हलवला की तार पुन्हा सुरात लावा आणि मगच परत तपासा. जुन्या, मळलेल्या तारांवर हे करू नका. त्यांचा सूर कधीच जुळत नाही आणि दोष ब्रिजला दिला जातो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आणि थंडी सुरू झाली की बाक पुन्हा मोजा. नेक कोणत्या बाजूला सरकेल हे लाकडागणिक बदलते, पण सरकेल हे नक्की.

ॲम्प

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. १५ वॅटवाल्याने ३० वॅटचा घेऊन काही साधत नाही ते यामुळेच. घरी सरावाला ८ इंची स्पीकरचा १५ ते २५ वॅटचा ॲम्प पुरे. त्यातून ४१ हर्ट्झ फारसा निघत नाही, ८२ आणि वरचे सूर निघतात आणि उरलेले कान स्वतः भरून काढतो. चाळीत किंवा सोसायटीत राहत असाल तर हेडफोनचे भोक असलेलाच घ्या. भिंतीपलीकडे सर्वांत आधी खर्जच पोहोचतो. ड्रमर असलेल्या सरावाला १०० वॅट आणि १२ इंची स्पीकरच्या खाली जाऊ नका.

गिटारच्या ॲम्पमधून बास हळू आवाजात चालतो. मोठ्याने वाजवलात तर त्याच्या स्पीकरचा कोन (कागदी पडदा) झेपेल त्यापेक्षा जास्त आत-बाहेर हलतो आणि फाटतो. कीबोर्डचा ॲम्प त्या मानाने बरा.

जुना ॲम्प घेताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा आणि ऐका, मग प्रत्येक नॉब फिरवा. चारी बोटे कोनभोवती सारखी पसरून तो अगदी हळू आत दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल जळलेली किंवा सरकलेली आहे. मल्टिमीटर असेल तर स्पीकरची वायर सोडवून मोजा: ८ ओमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, ४ ओमचा ३ ते ३.५. मग मोकळी ई तार दहा मिनिटे बऱ्यापैकी मोठ्याने वाजवत राहा. गरम झाल्यावर निघणारे दोष पहिल्या मिनिटाला दिसत नाहीत. परदेशातून आणलेला ॲम्प असेल तर मागची पाटी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, जपानमधला १०० चा. आपल्या २३० मध्ये तसाच लावला तर फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर त्यापेक्षा बरेच काही. काहींच्या मागे व्होल्टेजचा स्विच असतो, नाही तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा.

हेड (ॲम्पचे यंत्र) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळे असतील तर ओमचे गणित चुकवू नका. ८ ओमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओम होतात, ४ ची दोन जोडली की २. हेडच्या मागे ‘किमान ४ ओम’ लिहिलेले असेल तर दुसरी जोडणी त्याला बंद पाडेल किंवा जाळेल. उलट, ४ ओमला ५०० वॅट देणारे हेड ८ ओमच्या एकट्या कॅबिनेटला साधारण निम्म्याहून थोडे जास्तच देईल. मध्ये नेहमी स्पीकर केबल वापरा. गिटारची केबल दिसते तशीच, पण तिची आतली तार बारीक असते आणि तापते. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका.

कार्यक्रमाला

हॉलमध्ये किंवा मैदानात बास लोकांपर्यंत पोहोचतो तो साउंडवाल्याच्या सिस्टिममधून. स्टेजवरचा ॲम्प फक्त तुम्हाला ऐकू यावे म्हणून असतो. म्हणून आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: सब (खर्जाचे मोठे स्पीकर) आहेत का, आणि बासला डीआय मिळेल का. नुसते १२ इंची टॉप (सबशिवायचे मुख्य स्पीकर) असतील तर तुमचा खर्ज तिथे निघणार नाही. त्या दिवशी जाड तारेवर भर देऊ नका, एक सप्तक वर वाजवा.

डीआय बॉक्स बासचा नाजूक सिग्नल बॅलन्स्ड (वाटेत भुणभुण न पकडणारा) करून लांब केबलमधून मिक्सरपर्यंत नेतो. बिनबॅटरीच्या बासला ॲक्टिव्ह डीआय चांगला. त्याला बॅटरी किंवा मिक्सरची ४८ व्होल्टची फँटम पॉवर (सिग्नलच्या केबलमधूनच येणारी वीज) लागते. बॅटरीवाल्या बासला साधा पॅसिव्ह डीआयही चालतो. भुणभुण आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट स्विच दाबा. प्लगची अर्थची पिन मोडण्याचा किंवा तिच्यावर टेप गुंडाळण्याचा सल्ला स्टेजवर हमखास कोणी तरी देतो. तो ऐकू नका. एका हातात तार आणि ओठ माइकला, अशा वेळी तीच पिन तुमचा जीव वाचवते. ॲम्पच्या मागच्या डीआयमधून सिग्नल देणार असाल तर स्विच ‘प्री’वर ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर नॉब फिरवलात तरी बाहेरचा आवाज बदलत नाही, आणि त्या चॅनलची फँटम पॉवर बंद करायला सांगा.

पोहोचल्यावर सॉकेट टेस्टरने अर्थ तपासा. शक्य असेल तर साउंडवाल्याच्याच लाइनवरून वीज घ्या. वेगवेगळ्या ठिकाणचा अर्थ आला की भुणभुण सुरू होते. ॲम्प कोपऱ्यात ठेवू नका, खर्ज फुगतो. फळ्यांचे पोकळ स्टेज स्वतःच ढोलासारखे घुमते, तेव्हा ॲम्प फोमच्या जाड तुकड्यावर किंवा खुर्चीवर ठेवा. स्पीकर पोटरीऐवजी कानाकडे बघू लागला की आवाजही कमी लागतो.

सगळे टोन नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा. घुमत असेल तर सगळा खर्ज कमी करण्याऐवजी १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा थोडा उतरवा. सूर ओळखू येत नसतील तर ७०० ते १००० च्या आसपास थोडे वाढवा. साउंडचेकला गाण्याची हळू ओळ वाजवण्याचा मोह होतो. कार्यक्रमातला सर्वांत जोरकस तुकडा वाजवा, नाही तर रात्री तिसऱ्या गाण्याला लाल दिवा लागतो. ढोलकी आणि डग्गा असतील तर त्यांच्या ठोक्यावर तुमचा सूर अखंड गुणगुणत ठेवू नका. डाव्या हाताने तार थांबवायला शिका. कोणत्याही नॉबपेक्षा त्याने आवाज जास्त स्वच्छ होतो.

केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको, आणि पट्ट्यातून एक वेढा काढून मग जॅकमध्ये घाला, म्हणजे कोणाचा पाय पडला तरी जॅक उपटत नाही. पट्टा तीन इंच रुंद असावा. चार किलोंचे वाद्य तीन तास खांद्यावर असते. बॅगेत दुसरी केबल, तारांचा एक संच, दोन बॅटऱ्या, आणि ॲम्पवर लिहिला आहे नेमक्या तेवढ्याच ॲम्पियरचे दोन फ्यूज.

मैदानावरचा कार्यक्रम असेल तर वेळ आधीच विचारून ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, आणि ते दिवस सणांचे असतात. त्यामुळे साउंडचेक दुपारीच उरकावा लागतो.

पावसाळ्यात बाहेरून एसी हॉलमध्ये शिरलात की बॅग उघडून बास पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू द्या, मग सुरात लावा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कार्यक्रम संपला की आधी व्हॉल्यूम शून्य करा, साउंडवाल्याला चॅनल बंद करायला सांगा आणि त्याने हात वर केल्यावरच केबल काढा, नाही तर सबमधून असा दणका जातो की पुढच्या वेळी तुम्हाला डीआय मिळणार नाही. तारा कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसा. बॅटरीवाला बास असेल तर बॅगेची चेन लावण्याआधी जॅक रिकामा आहे ना ते बघा. केबल आत राहिली तर सर्किट चालूच राहते आणि पुढच्या कार्यक्रमाला बॅटरी मेलेली निघते.